घरी बरणीबंद केलेलं अन्न आणि बॉट्युलिझम: नुसतं उकळणं का पुरत नाही

शमीपर्ण

पाककृती विभागात परवा एक कृती आली. फरसबी आणि मक्याचे दाणे मिठाच्या पाण्यात घालून काचेच्या बरण्यांत भरायचे, झाकणं लावून बरण्या मोठ्या पातेल्यात तासभर उकळायच्या आणि मग वर्षभर कपाटात ठेवायच्या. खाली 'सोपं आहे, लगेच करून बघते' असे बरेच प्रतिसाद होते. मी तिथे 'कृपया करू नका' एवढंच लिहिलं. पण कारण न सांगता दिलेली सूचना कुणी का ऐकावी? म्हणून हा वेगळा धागा. अन्नतंत्रज्ञान हा माझा शिकवण्याचा विषय आहे आणि नव्या विद्यार्थ्यांना मी सगळ्यात आधी हेच शिकवते.

क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम नावाचा जिवाणू मातीत असतो, नदी-समुद्राच्या तळच्या गाळात असतो. त्यामुळे भाजीवर तो असणार हे धरूनच चालायचं, भाजी कितीही धुतली तरी. पण तिथे तो सुप्त असतो. परिस्थिती प्रतिकूल झाली की तो जाड कवचाच्या बीजाणूच्या रूपात पडून राहतो. असे बीजाणू आपल्या सगळ्यांच्या पोटात अधूनमधून जातात आणि निरोगी मोठ्या माणसाला त्यांचं काही होत नाही. बॉट्युलिझम हा आजार होतो तो बीजाणू अन्नात रुजले, जिवाणू वाढले आणि त्यांनी विष तयार केलं की.

रुजायला त्याला काय लागतं? ऑक्सिजन नसलेली जागा. कमी आंबटपणा, म्हणजे सामू किंवा पीएच ४.६ च्या वर. भरपूर ओलावा, बेताचं मीठ. आणि साधं खोलीचं तापमान. आता ती कृती परत वाचा. उकळताना बरणीतली हवा निघून गेली आणि झाकण घट्ट बसलं. फरसबीचा सामू साडेपाच ते सहाच्या आसपास, मक्याचा त्याहून जास्त. बरणी कपाटात. उकळण्यामुळे बाकीचे जिवाणू मेले, म्हणजे त्याला स्पर्धाही उरली नाही. हे बीजाणू मात्र उकळत्या पाण्यात काही तास तग धरू शकतात, आणि उघड्या पातेल्यातलं पाणी कितीही वेळ उकळलं तरी १०० अंश सेल्सियसच्या वर जात नाही. बीजाणू खात्रीने मारायचे तर बरणीच्या अगदी मधल्या भागापर्यंत १२१ अंश पोचावे लागतात आणि तिथे साधारण तीन मिनिटं टिकावे लागतात. बरणी तासभर उकळून आपण नेमकी या एका जिवाणूसाठी जागा तयार करून देतो.

तीन मिनिटांचा हा हिशेब एस्टी आणि मायर या संशोधकांनी १९२२ साली कॅलिफोर्नियात मांडला. त्याच्या आधी, १९१९-२० मध्ये, तिथून गेलेल्या बंद ऑलिव्हमुळे अमेरिकेत अनेक ठिकाणी माणसं मेली होती. डबाबंद अन्नाचे कारखाने आजही त्याच हिशेबाच्या पायावर चालतात. आपल्या स्वयंपाकघरात मात्र तो अजून पोचलेला नाही, आणि म्हणून मला हे लिहावंसं वाटलं.

तगर

धन्यवाद, शमीताई. त्या धाग्यावर 'करून बघते' म्हणणाऱ्यांत मीही होते. एक विचारू का? बरणी बिघडली तर कळेल ना? वास येईल, झाकण फुगेल, पाणी गढूळ होईल. तेव्हा फेकून देता येईल.

शमीपर्ण

तगर, हाच प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि याच भरवशावर माणसं फसतात. या जिवाणूचे काही प्रकार वाढताना वायू सोडतात, अन्न नासवतात. तिथे झाकण फुगतं, घाण वास येतो. पण काही प्रकार असं काहीच करत नाहीत. विषाला स्वतःला ना रंग, ना वास, ना चव. बरणी दिसायला स्वच्छ, उघडताना झाकणाचा छान आवाज आला, आणि तरीही आत विष असू शकतं.

फुगलेलं झाकण दिसलं तर बरणी फेकायची हे बरोबर. पण फुगलेलं नाही म्हणून खायची, हे चूक. आणि 'बोटावर घेऊन चव बघते' हे तर कधीच नको. तेवढंसं अन्नसुद्धा माणसाला आजारी पाडायला पुरेसं ठरू शकतं.

निशिगंध

मी अतिदक्षता विभागात काम करतो. शमीपर्ण यांनी बरणीतलं सांगितलं, मी शरीरातलं सांगतो.

विष आतड्यातून रक्तात जातं आणि तिथून नसांच्या टोकांपर्यंत. स्नायू हलवायचा असेल तेव्हा नस तिच्या टोकाशी असिटिलकोलिन नावाचं रसायन सोडते. हे रसायन बारीक पिशव्यांत भरलेलं असतं आणि त्या पिशव्या नसेच्या भिंतीला चिकटून फुटल्या की ते बाहेर पडतं. पिशवी भिंतीला चिकटवणारी काही प्रथिनं असतात. बॉट्युलिनम विष नसेच्या आत शिरून नेमकी ती प्रथिनं कापतं. नस शाबूत, स्नायू शाबूत, मेंदू हुकूम देतो आहे, पण निरोप स्नायूपर्यंत पोचत नाही. स्नायू लुळा पडतो.

खाल्ल्यापासून साधारण १२ ते ३६ तासांत लक्षणं सुरू होतात. पण चार तासांत सुरू झालेली किंवा आठवडा उलटल्यावर सुरू झालेलीही उदाहरणं आहेत. आधी मळमळ, उलटी, पोटदुखी होऊ शकते, त्यामुळे 'काहीतरी बाधलं' म्हणून घरीच थांबलं जातं. मग डोळे. धूसर दिसतं, एकाचे दोन दिसतात, पापण्या खाली येतात. तोंडाला कोरड पडते. बोलणं जड होतं, आवाज बदलतो, घास गिळता येत नाही. त्यानंतर अशक्तपणा वरून खाली उतरत जातो: मान, खांदे, हात, छाती, पाय. दोन्ही बाजूंना सारखाच. शौचाला होत नाही, लघवी अडते. ताप बहुधा नसतो. आणि माणूस पूर्ण शुद्धीत असतो, स्पर्श समजतो.

जीव जातो तो श्वासाचे स्नायू थकल्याने. छाती हलवायला ताकद राहत नाही. काही वेळा हे काही तासांत घडतं. म्हणून डोळे, आवाज आणि गिळणं या तिन्हींत एकदम बिघाड दिसला तर सकाळपर्यंत थांबायचं नाही. अतिदक्षता विभाग आणि व्हेंटिलेटर असलेलं रुग्णालय गाठायचं, आणि गेल्या आठवडाभरात काय काय खाल्लं, त्यात घरी बंद केलेलं काय होतं, हे डॉक्टरांना आपणहून सांगायचं. हा आजार इतका विरळा आहे की अनेक डॉक्टरांनी आयुष्यात एकही रुग्ण पाहिलेला नसतो. पक्षाघात, किंवा मायस्थेनिया, गियाँ-बारे अशा स्नायू दुबळे करणाऱ्या इतर आजारांशी गल्लत होते. एक वाक्य दिशा बदलू शकतं.

आडवाट

डॉक्टर, शमीपर्ण, दोघांबद्दल आदर ठेवून लिहितो. आमच्या घरात तीन पिढ्या भाज्या उकळून बरण्यांत भरल्या गेल्या. कुणाला काही झालं नाही. जगात रोज लाखो बरण्या भरल्या जात असतील. एखाद्या दुर्मीळ आजारासाठी लोकांना घाबरवणं मला पटत नाही. घरी अन्न टिकवण्याचं कौशल्य आधीच संपत चाललं आहे.

शमीपर्ण

आडवाट, कौशल्य टिकावं असं मलाही मनापासून वाटतं. तुमच्या घरी काही झालं नाही याचं कारण बहुतेक असं असेल की बऱ्याच बरण्यांत पुरेशी आंबट वस्तू असेल, किंवा खाण्याआधी भाजी पुन्हा भरपूर शिजत असेल. याबद्दल खाली लिहिते. प्रत्येक बरणीत बीजाणू रुजतातच असंही नाही. पण जिथे रुजतात तिथे एका बरणीतून किती माणसं आजारी पडतात ते बघा.

एप्रिल २०१५, अमेरिकेतलं ओहायो राज्य. चर्चमध्ये सगळ्यांनी आपापला पदार्थ आणून एकत्र जेवण केलं. ७७ जण होते. बटाट्याच्या एका सॅलडमध्ये घरी बरणीबंद केलेले बटाटे होते, आणि त्या बरण्या प्रेशर कॅनरमध्ये (बरण्या दाबाखाली तापवण्याच्या खास भांड्यात) न ठेवता नुसत्या उकळत्या पाण्यात ठेवून बंद केलेल्या होत्या. २९ जण आजारी पडले, एक जण दगावला.

मार्च २००६, थायलंडचा नान प्रांत. घरगुती पद्धतीने डब्यांत बंद केलेले बांबूचे कोंब गावच्या कार्यक्रमात वाढले गेले. २०९ जण आजारी. ४२ जणांना व्हेंटिलेटर लागला. परदेशांतून प्रतिविष मागवावं लागलं. कुणी दगावलं नाही ही तिथल्या डॉक्टरांची आणि परिचारिकांची कमाई.

१९७७ मध्ये अमेरिकेतच, मिशिगनमधल्या पाँटियाक इथे एका उपाहारगृहात घरगुती पद्धतीने बंद केलेल्या मिरच्यांमुळे ५९ जण. सप्टेंबर २०२३ मध्ये फ्रान्समध्ये बोर्दोला एका उपाहारगृहाने स्वतः बरणीत भरलेल्या सार्डिन माशांमुळे पंधराएक जण आणि त्यात एक मृत्यू. यातल्या कुणीही निष्काळजीपणाने काही केलं असेल असं मला वाटत नाही. प्रेमाने, कष्टाने केलेलं अन्न होतं ते. फक्त २१ अंश कमी पडले.

केवडा

मी इथे क्वचित लिहिते, पण आज राहवत नाही. माझ्या मोठ्या बहिणीला हा आजार झाला होता. तेलात घालून ठेवलेले घरचे मशरूम. संध्याकाळी खाल्ले, दुसऱ्या दिवशी दुपारी म्हणाली की टीव्हीवर दोन-दोन माणसं दिसतायत. चष्म्याचा नंबर बदलला असेल असं आम्हाला वाटलं. रात्री पाणी पिताना ठसका लागला आणि पाणी नाकातून आलं.

पहिल्या दवाखान्यात थकवा म्हणून परत पाठवलं. दुसरीकडे मेंदूचं स्कॅन झालं, ते स्वच्छ. काय खाल्लं हे कुणी विचारलं नाही आणि आम्हालाही सांगायचं सुचलं नाही. एका तरुण डॉक्टर मुलीने पापण्या बघितल्या, बाहुल्या बघितल्या आणि विचारलं, घरी काही साठवणीचं खाल्लंय का? तिथून चक्रं फिरली.

निशिगंध यांनी लिहिलंय की माणूस शुद्धीत असतो. हे सगळ्यांनी नीट वाचा. माझी बहीण व्हेंटिलेटरवर असताना डोळे उघडू शकत नव्हती, बोट हलवू शकत नव्हती. आम्ही ती बेशुद्ध आहे असं समजून तिच्या उशाशी उभं राहून नको ते बोलत होतो. ती सगळं ऐकत होती. नंतर तिने आम्हाला आमचीच वाक्यं सांगितली. असं कुणाच्या घरी घडलंच तर रुग्णाशी बोला, हात धरा, काय चाललंय ते सांगा, पापणी हळूच उचलून आपला चेहरा दाखवा.

ती बरी झाली. पण त्याला अनेक महिने लागले आणि जिना चढताना दम लागणं अजून आहे.

निशिगंध

केवडाताई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. तुमच्या शेवटच्या सूचनेबद्दल आमच्या विभागातल्या प्रत्येकाने तुमचे आभार मानावेत.

बरं व्हायला इतका वेळ का लागतो ते सांगतो. प्रतिविष, म्हणजे अँटिटॉक्सिन, रक्तात फिरणाऱ्या विषाला पकडतं. नसेच्या आत शिरलेल्या विषापर्यंत ते पोचत नाही. म्हणजे प्रतिविष दिल्यावर लकवा पुढे सरकणं थांबतं, झालेला लकवा मागे फिरत नाही. म्हणूनच ते लवकर मिळायला हवं, आणि ठोस संशय असेल तर प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट न बघता देतात. बाकीचं काम शरीराने करायचं असतं. नसेच्या टोकाला नवे कोंब फुटतात, कापली गेलेली प्रथिनं पुन्हा तयार होतात. त्याला आठवडे, महिने लागतात. तोवर श्वास यंत्राने चालवायचा, फुप्फुसांत संसर्ग होऊ द्यायचा नाही, पाठीला जखमा होऊ द्यायच्या नाहीत.

एके काळी या आजाराचे निम्म्याहून जास्त रुग्ण मरत. १९२२ मध्ये स्कॉटलंडमध्ये लॉख मरी इथे हॉटेलने दिलेल्या बदकाच्या मांसाच्या लगद्यामुळे आठ जण आजारी पडले आणि आठही गेले. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मृत्यूचं प्रमाण ५ ते १० टक्के आहे. हा फरक मुख्यतः व्हेंटिलेटर आणि शुश्रूषा यांनी पडला आहे.

अँटिबायोटिकबद्दल कुणीतरी व्यक्तिगत निरोपात विचारलं होतं. तयार विषावर त्यांचा उपयोग नाही, आणि अमिनोग्लायकोसाइड गटातली औषधं तर अशक्तपणा वाढवू शकतात. घरात पडलेली कुठलीही गोळी देऊ नका. गिळता येत नसलेल्या माणसाला पाणीसुद्धा पाजू नका. हा आजार एकाकडून दुसऱ्याला लागत नाही, तेव्हा रुग्णाजवळ बसायला घाबरू नका. मात्र तेच अन्न ज्यांनी ज्यांनी खाल्लं त्या सगळ्यांना लगेच कळवा.

दवबिंदू

माझ्याकडे प्रेशर कुकर आहे. त्यात बरण्या ठेवल्या तर १२१ अंश मिळतील ना? आणि मी बऱ्याच उंचीवरच्या गावात राहते. त्याने काही फरक पडतो का?

शमीपर्ण

दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत.

कुकरमध्ये दाब असतो, त्यामुळे तापमान शंभरच्या वर जातं हे खरं. पण बरणीबंद करण्यासाठी जी वेळापत्रकं तयार केली गेली ती प्रेशर कॅनरवर, म्हणजे त्याच कामासाठी बनवलेल्या मोठ्या, जाड भांड्यावर तपासलेली आहेत. ते सावकाश तापतं, सावकाश निवतं, आणि त्या वेळातली उष्णताही हिशेबात धरलेली असते. घरचा छोटा कुकर पटकन तापतो आणि पटकन निवतो, त्यामुळे बरणीच्या मध्यापर्यंत पुरेशी उष्णता पोचलीच याची खात्री देता येत नाही. शिट्ट्या मोजून अंदाज बांधणं इथे चालणार नाही.

कॅनरमध्येही आधी दहा मिनिटं वाफ मोकळी सोडून आतली हवा काढायची, मगच वजन ठेवायचं. आत हवा राहिली तर काटा दाब बरोबर दाखवतो पण तापमान कमी असतं. वेळ पदार्थाप्रमाणे बदलते: अर्धा लिटरच्या आसपासच्या बरणीला फरसबीसाठी २० मिनिटं, मक्याच्या दाण्यांसाठी ५५. मका फरसबीपेक्षा घट्ट बसतो, उष्णता आत जायला वेळ घेतो. म्हणून 'त्यात थोडं हे घालू, ते घालू' हा स्वयंपाकातला नेहमीचा उत्साह इथे आवरायचा. तपासलेली कृती, तीच बरणी, तोच वेळ.

उंचीचं: साधारण दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू एक अंशाने उतरतो. १५०० मीटरवर पाणी ९५ अंशांनाच उकळतं. म्हणून उंचीवर उकळण्याचा वेळ वाढवावा लागतो. वजनाच्या कॅनरमध्ये ३०० मीटरपर्यंत १० पौंड आणि त्याच्या वर १५ पौंड दाब धरतात.

कॅनर नसेल तर? खरं सांगायचं तर घेऊच नका. आंबट नसलेली भाजी, मांस, मासे टिकवायचे असतील तर गोठवा किंवा पूर्ण वाळवा. फ्रीझरमध्ये बीजाणू मरत नाहीत, पण रुजतही नाहीत.

आणि जिथे आंबटपणा आहे तिथे उकळत्या पाण्याची पद्धत पुरते. फळांचे जॅम, बहुतेक आंबट फळं, पाच टक्के आम्लतेच्या व्हिनेगरमध्ये योग्य प्रमाणात घातलेल्या भाज्या: इथे बीजाणू असले तरी रुजत नाहीत. टोमॅटो अगदी सीमारेषेवर आहे. काही जातींचा, जास्त पिकलेल्यांचा सामू ४.६ च्या वर जातो. म्हणून बरणीत लिटरमागे अर्धा चमचा सायट्रिक आम्ल घालायचं. चव जास्त आंबट लागली तर वाढताना साखर घाला, आम्ल कमी करू नका.

तगर

आणि लसूण तेलात? मी लसणीच्या पाकळ्या तेलात बुडवून ओट्यावरच ठेवते. महिनाभर पुरतं.

शमीपर्ण

तगर, ते आजच टाकून द्या. लसूण जमिनीखाली वाढतो, त्याच्यावर बीजाणू असण्याची शक्यता चांगलीच. लसूण आंबट नाही. आणि तेल हवेला आत येऊ देत नाही. १९८५ मध्ये कॅनडात व्हँकुव्हर इथे तेलातल्या चिरलेल्या लसणामुळे ३६ जण आजारी पडले. तो फ्रिजबाहेर ठेवला गेला होता. नंतर १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यात पुन्हा तसंच झालं आणि अमेरिकेत विकाऊ लसूण-तेलात आम्ल घालणं बंधनकारक झालं. घरी करायचं तर थोडं करा, लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा. तेलात बुडवलेले ताजे हर्ब, मशरूम, भाजलेल्या मिरच्या, सगळ्यांना हाच नियम.

याच्याच जवळचा एक प्रकार फार कमी लोकांना माहीत असतो. फॉइलमध्ये गुंडाळून भाजलेले बटाटे. भाजताना बीजाणू वाचतात, फॉइलमुळे आत हवा नाही, ओलावा आहे. १९९४ मध्ये टेक्सासमधल्या एल पासोला असे बटाटे फॉइलसकट बाहेर ठेवून नंतर एका चटणीसारख्या पदार्थात वापरले आणि ३० जण आजारी पडले. गरम असतानाच खा, नाहीतर फॉइल काढून फ्रिजमध्ये ठेवा.

आडवाट

ठीक आहे. उदाहरणं वाचून विचार करतो आहे. तुम्ही वर 'खाण्याआधी पुन्हा शिजवण्या'बद्दल लिहिणार होता.

शमीपर्ण

हो, राहून गेलं. बीजाणू चिवट असतात, पण विष उष्णतेने नष्ट होतं. अन्नाच्या मध्यापर्यंत ८५ अंश पोचून पाच मिनिटं राहिले तर विष निकामी होतं. घरासाठी सल्ला असा की घरी बंद केलेली आंबट नसलेली भाजी किंवा मांस बरणीतून काढल्यावर दहा मिनिटं रटरटून उकळायचं, उंचीवर असाल तर आणखी थोडी मिनिटं, आणि मगच चव बघायची. कदाचित तुमच्या घरच्या तीन पिढ्यांना याच सवयीने वाचवलं असेल. ओहायोतले बटाटे सॅलडमध्ये गेले, पुन्हा उकळले गेले नाहीत.

पण संशय असलेली बरणी उकळून वापरायला हे निमित्त करू नका. योग्य पद्धतीने केलेल्या बरणीसाठी हा जादा बंदोबस्त आहे.

निशिगंध

एक भर. मध. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, थेंबभरही नको. मधात या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यातले इतर जिवाणू त्यांना रुजू देत नाहीत. बाळाच्या आतड्यात ती वस्ती अजून तयार झालेली नसते, म्हणून बीजाणू तिथेच रुजतात आणि विष तिथेच तयार होतं. हा प्रकार १९७६ मध्ये ओळखला गेला. बाळाला आधी शौचाला होत नाही, मग ते दूध ओढेनासं होतं, रडणं क्षीण होतं, मान धरत नाही, अंग सैल पडतं. असं बाळ त्याच दिवशी दाखवा. मध उकळला तरी बीजाणू मरत नाहीत, तेव्हा तो मार्गही नाही.

दवबिंदू

माझ्याकडे उकळून भरलेल्या फरसबीच्या काही बरण्या कपाटात आहेत. एकीचं झाकण थोडं फुगलंय. टाकायच्या कशा? नळाखाली ओतल्या तर चालतील?

शमीपर्ण

उघडू नका आणि ओतू नका. हातमोजे घाला, बरणी जशी आहे तशी जाड पिशवीत घाला, तोंड बांधा, ती दुसऱ्या पिशवीत घाला आणि कुत्र्या-मांजरांचा, माणसांचा हात लागणार नाही अशा बंद कचऱ्यात टाका. फुगलेली नाही तीसुद्धा. बरणी हळू हाताळा, दाबामुळे फुटू शकते. कुठे गळलं असेल तर एक भाग ब्लीच आणि आठ भाग पाणी ओतून, कागदाने झाकून निदान पंधरा मिनिटं ठेवा, मग पुसा आणि तो कागद, हातमोजे त्याच पिशवीत टाका. हात साबणाने धुवा.

निशिगंध

आणि दवबिंदू, त्या बरण्यांतलं कुणी गेल्या आठवड्या-दीड आठवड्यात खाल्लं असेल तर त्यांना लक्षणं सांगून ठेवा. काही होत नसेल तर घाबरायचं कारण नाही. फक्त डोळे, आवाज, गिळणं याकडे लक्ष ठेवा. कुणाला त्रास सुरू झालाच तर उरलेली बरणी टाकू नका, बांधून ठेवा. प्रयोगशाळेला तिचा उपयोग होतो.

खारवण

ती मूळ कृती माझी आहे. मी संपादकांना सांगून ती काढायला लावली आहे आणि तिथे या धाग्याचा दुवा दिला आहे. आता तीच फरसबी आणि मका गोठवून ठेवायची कृती लिहायची आहे. उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं, मग बर्फाच्या पाण्यात, कोरडं करून पाकिटात हवा काढून बंद. एवढं बरोबर आहे ना? आणि याच पद्धतीने मासे चालतील का?

शमीपर्ण

खारवण, इतक्या मोकळेपणाने आलात, फार आनंद झाला. फरसबीला तीन मिनिटं, मक्याच्या दाण्यांना चार, आणि फ्रीझर उणे १८ अंशांना. वितळवायच्या भानगडीत न पडता थेट शिजवा.

माशांचं वेगळं आहे. या जिवाणूचा एक प्रकार पाण्यातल्या गाळात जास्त सापडतो आणि तो तीन अंशांनाही सावकाश वाढू शकतो, म्हणजे फ्रिजमध्येसुद्धा. अन्न नासल्याचा वासही तो देत नाही. म्हणून हवा काढून बंद केलेला मासा गोठलेला आहे तोवर ठीक, पण वितळवायला फ्रिजमध्ये ठेवताना आधी पाकीट फाडून हवा लागू द्या, आणि वितळला की त्याच दिवशी शिजवा. हे कृतीत अगदी वरच्या ओळीत लिहा, खाली टीप म्हणून नको.